मिसाओचं ताट

२९ नोव्हेंबर १९९८
कामेउरा

मिसाओ,

पत्राच्या सुरुवातीला हवापाणी विचारायची आपल्याकडे रीत आहे. ती मी गाळते. तुझ्या ओसाकात झाडांची पानं लाल झाली की अजून व्हायची आहेत, याच्याशी मला काही घेणं नाही.

तुझं पत्र गुरुवारी आलं. दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं, कुणा दुसऱ्याचं पत्र चुकून आपल्या दारात पडलं. "माझी नागिसा", "माझ्या मुलीला", "आता मी तिला माझ्याजवळ ठेवू शकते". कोण गं ही माझी माझी करणारी? मी जिला ओळखते ती मिसाओ अकरा महिन्यांचं पोर पाळण्यात झोपलेलं असताना "दुधाचा डबा घेऊन येते" म्हणून बाहेर पडली, ती गेली. नऊ वर्षं झाली. दुधाचा डबा मीच आणला, त्याच संध्याकाळी.

या नऊ वर्षांत तुझी चार कार्डं आली. चार! त्यातल्या दोन कार्डांवर पत्तासुद्धा नव्हता. आई गेली तेव्हा तुला कळवायला मी तुझ्या शेवटच्या पत्त्यावर तार केली, ती परत आली. आता म्हणे दोन खोल्या मिळाल्यात, शिवणाच्या कारखान्यात कायमचं काम मिळालंय, एप्रिलमध्ये नव्या इयत्तेला तिला तिकडच्या शाळेत घालायचंय. वा, सगळं ठरलेलंच आहे तर. मला फक्त कपडे बांधून तयार ठेवायचेत.

ऐक. नागिसा चौथीत आहे. तिला ताप आला की तो कानापासून चढतो, हे तुला माहीत आहे? अंधाराला ती भीत नाही, पण शिट्टी वाजवणाऱ्या किटलीला भिते, हे माहीत आहे? मासा खाताना ती आधी डोळा काढून बाजूला ठेवते आणि म्हणते, "आता बघू नकोस." तुला काहीच माहीत नाही. कागदोपत्री तू तिची आई आहेस, हे मला माहीत आहे. तेवढंच तुझ्याकडे आहे.

आई गेल्याचं तुला कुणाकडून कळलं कोण जाणे, पण तू विचारलंयस, "आई शेवटी माझी आठवण काढायची का?" सांगते. आई रोज सकाळी तुझं ताट वाढायची. विसरली असशील तर आठवण करून देते: घरचं माणूस लांब गेलं की त्याच्या जागेवर रोजचं ताट मांडायचं, ते जिथे असेल तिथे उपाशी राहू नये म्हणून. भात, झाकणाच्या वाटीत सार, मासा असेल तर मासा, जेवायच्या काड्या समोर आडव्या. आपलं जेवण झालं की साराचं झाकण उचलून बघायचं. आतून थेंब जमलेले असले की माणूस खुशाल. आई रोज झाकण उचलून म्हणायची, "आहे गं, आहे." मग ते गार सार मी प्यायचे. सात वर्षं मी तुझं गार सार प्यायले आहे.

आई गेल्यावर मी ते बंद करणार होते. नागिसाने करू दिलं नाही. "आजी करायची ना, मग आपण करायचं," म्हणाली. म्हणून अजून तुझं ताट मांडलं जातं. मी तुझ्यासाठी काहीही करत नाही, हे नीट समजून घे. आजही मांडलं.

येऊ नकोस. मी तिला देणार नाही.

किनुए


१३ डिसेंबर

मिसाओ,

तुला बरं नाही, असं लिहिलंयस. भात घशाखाली उतरत नाही, मातीसारखा लागतो. डॉक्टरकडे जा. मी काय करू त्याला? इथे वर्षअखेरीचे दिवस आहेत. अख्ख्या गावाला नव्या वर्षाआधी कागदी दारं नव्याने मढवून हवी असतात, हे तुला नव्याने सांगायला नको. अंगणात एकोणचाळीस दारं उभी आहेत. जुना कागद भिजवून काढा, चौकटी घासा, खळ शिजवा, नवा कागद लावा, वर पाणी मारून ताणा. दोन हात आहेत मला.

आणि हे बाकीचं काय लिहिलंयस? "ताई, तू आलीस, पण बोलली का नाहीस?" मी आले? मी कामेउराच्या बाहेर शेवटचं पाऊल टाकलं ते आईच्या तपासण्यांसाठी. तीन वर्षं झाली. तू म्हणतेस, सकाळी साडेसातच्या सुमाराला तू उठून बघितलंस तर मी मोरीजवळ गुडघे मोडून बसले होते, तोंड तुझ्याकडे, हात मांडीवर. तू "ताई" म्हणालीस, चहा ठेवायला उठलीस, वळलीस तर कोणी नाही. आणि एकदा नाही, रोज. बोलत नाही, हलत नाही, नुसती बघते. "ताई, तुझी नजर बघवत नाही."

काय नाटक लावलंयस, मिसाओ? लहानपणी शाळा चुकवायला पोटात दुखायचं तुझं, तेच हे. ताईला भीती घाल, ताईची दया मिळव, मग ताई मऊ पडेल. मी नाही मऊ पडणार.

तू लिहिलंयस की माझ्या अंगात निळं एप्रन होतं, खिशावर वाकडा मासा शिवलेला. ते नागिसाने ऑक्टोबरात शाळेत शिवून मला दिलं. तुला कुणी सांगितलं? तोकुएकाकू तुला फोन करतात का? त्यांच्याशिवाय दुसरं कोण असणार. शेजारीण आहे म्हणून चाळीस वर्षं त्यांना आपल्या घरात नाक खुपसायची सवय आहे. विचारते मी त्यांना.

झाकणाला या आठवड्यात थेंब नव्हते. थंडीमुळे असेल. सार लवकर गार होतंय. नागिसाने विचारलं, "आईला काय झालं?" मी म्हटलं, काही नाही, वाटी बदलायला हवी.

तू काहीतरी खा. पेज करून पी. आणि खिडकीवरचं ते वर्तमानपत्र काढून टाक आधी, खोलीत जरा उजेड येऊ दे. कोंदट खोलीत माणसाला नको ते दिसतं.

एप्रिलचं डोक्यातून काढलंस का? त्याबद्दल तू यावेळी एक अक्षर लिहिलेलं नाहीस.

किनुए


२४ डिसेंबर

मिसाओ,

तुझं पत्र आलं. त्याला पत्र तरी कसं म्हणू? एकच ओळ. "ताई, खिडकीला वर्तमानपत्र लावलंय हे मी तुला कधी लिहिलं?"

नाही लिहिलंस. मी तुझी सगळी पत्रं काढून बघितली. नाही लिहिलंस.

बरं. आता ऐकायचंच आहे ना, तर ऐक.

तुझं पहिलं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नागिसाने नेहमीसारखं तुझं ताट मांडलं. सात वाजता आम्ही दोघी जेवलो. सात वीसला ती शाळेत गेली. मी भांडी उचलायला वाकले आणि तुझा भात माझ्या समोर होता. पांढरा, वाफ येणारा, माझ्या हातचा. मी वाटीत अजून भात घातला. वर डोंगर होईपर्यंत घातला. मग तुझ्या काड्या उचलल्या आणि त्या भातात सरळ उभ्या खुपसल्या.

हो. मेलेल्याच्या उशाशी ठेवतात तसा. आईच्या उशाशी मी याच हातांनी ठेवला होता. जिवंत माणसाच्या नावाने तसं करायचं नसतं. जेवताना पोराने खेळत काडी उभी केली तरी आई हातावर फटका मारायची, तुला तर माझ्याहून जास्त फटके बसलेत. मला सगळं माहीत होतं. हात चुकला, डोळ्यांत पाणी होतं, असलं काही सांगणार नाही. मला बरं वाटलं. नऊ वर्षांत पहिल्यांदा छाती मोकळी झाली. म्हणून दुसऱ्या दिवशीही केलं. मग रोज. रविवारी नागिसाला तोकुएकाकूंकडे अंडी आणायला पाठवून केलं.

ते मांडलं की मी समोर बसते. नुसती बसते. एप्रन अंगात असतं, हात मांडीवर असतात. समोर तुझी वाटी असते आणि मग ती नसते. मोरी असते. प्लास्टिकची पिवळी बादली असते, तिचा कान तुटलेला आणि तारेने बांधलेला. खिडकीला वर्तमानपत्र, तेही तिरकं चिकटवलेलं, कडेला फुगे आलेले. कागद लावणाऱ्यांच्या घरात जन्मलीस आणि तुला एक कागद धड लावता येत नाही. तू भिंतीकडे तोंड करून झोपलेली असतेस. तुझे केस पिकलेत. मला माहीत नव्हतं. मग मी बसलेलीच असते आणि समोर पुन्हा तुझी वाटी असते, भात गोठलेला, भांड्यातली खळ वाळलेली, ऊन दुसऱ्या भिंतीवर गेलेलं. नऊ वाजलेले असतात, कधी दहा.

पहिल्या दिवशी मी घाबरले. खोटं कशाला बोलू. दुसऱ्या दिवशी कमी घाबरले. आता सात वीस व्हायची वाट बघते.

परवा नागिसा शाळेत असताना तोकुएकाकू अंडी घेऊन स्वतःच आल्या. मागच्या दाराने, न विचारता, नेहमीसारख्या. ताट बघितलं. अंड्यांची टोपली खाली ठेवली आणि म्हणाल्या, "कुणाचं गं?"

मी म्हटलं, "कुणाचं असणार?"

"पोरगी जिवंत आहे ना?"

"आहे."

मग म्हणाल्या, "किनुए, मी तुला तीन हाका मारल्या. तू बसली होतीस, पण आत कोणी नव्हतं. बाई, दार सताड उघडं ठेवून घराबाहेर जाऊ नये, भलतंच कोणी आत शिरतं." आणि गेल्या. अंड्यांची टोपली तशीच राहिली. त्यांनी तुला फोन केलेला नाही, असं शपथेवर सांगितलं. त्यांच्याकडे तुझा नंबरच नाही.

नागिसालाही काहीतरी कळलंय. सकाळी ऊन पूर्वेच्या दारातून येतं आणि आतल्या नव्या कागदावर आम्हा दोघींच्या सावल्या पडतात. ती हातांचे ससे करत असते. काल थांबली. कागदाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. म्हणाली, "मावशी, तू जरा पुढे सरक." मी सरकले. "अजून." सरकले. मग म्हणाली, "तुझी पडतच नाही." मी म्हटलं, नवा कागद जाड आहे. तिची सावली त्याच कागदावर शेंडीसकट पडली होती.

आता मुद्द्याचं बोलते. तुला जगायचं आहे आणि मला नागिसा हवी आहे. मला एका कागदावर लिहून दे: एप्रिलमध्ये येणार नाही, नंतरही येणार नाही, मुलगी किनुएची. खाली तुझ्या नावाचा शिक्का मार. तो कागद माझ्या हातात पडला त्या दिवशी मी काड्या आडव्या ठेवीन. तोवर नाही.

वाईट आहे मी? असेन. नऊ वर्षं चांगली होते, तेव्हा कुठे होतीस?

किनुए


६ जानेवारी १९९९

मिसाओ,

तुझा कागद आला नाही. त्याऐवजी तुझ्या खालच्या मजल्यावरच्या बाईंचं पत्र आलं. तुला सत्तावीस तारखेला दवाखान्यात नेलं, हाताला सुई लावून सलाइन देतात, असं त्यांनी लिहिलंय. पत्राच्या शेवटी लिहिलंय: "त्या शुद्धीवर आल्या की खाली जमिनीकडे बघून तुमच्याशी बोलतात. 'ताई, पाय आखडले असतील, मांडी घालून बस,' म्हणतात. तिथे कोणीही नसतं. कृपया एकदा येऊन जावे."

पाय आखडले असतील! मी तुला मारतेय आणि तुला माझ्या पायांची पडलीय. तू अशीच आहेस गं. लहानपणापासून नेमक्या वेळी असं काहीतरी बोलतेस आणि समोरच्याच्या हातातला दगड गळून पडतो. मला तुझा याचाच राग येतो.

पण माझ्या हातातला दगड तू नाही पाडलास. नागिसाने पाडला. तेही सांगते.

शाळेला सुट्टी लागली. एकतीस तारखेला सकाळी मी तिला खाली बंदरावर नव्या वर्षाची, दारावर बांधायची दोरी आणायला पाठवलं. ती गेली. मी भाताचा डोंगर केला, काड्या उभ्या केल्या, बसले. तिचे हातमोजे राहिले होते, ते घ्यायला ती अर्ध्या वाटेवरून परत आली. मला तिचा आवाज ऐकू आला नाही. मी इथे नव्हतेच. ती म्हणते, तिने मला हलवलं, गालाला हात लावला, गाल गार होता. मी परत आले तेव्हा ती ताटाच्या पलीकडे, तुझ्या जागेवर बसली होती. दोन्ही मोजे मांडीवर.

"मावशी, आईचं ताट असं का?"

"चुकून झालं."

"तू कधीच काही चुकून करत नाहीस."

मी वाटी उचलायला गेले.

"आई मेली?"

"नाही."

"मग तुला ती मरायला हवी आहे?"

नऊ वर्षांची पोर, मिसाओ. ओरडली नाही, रडली नाही, खालच्या आवाजात विचारलं. तिचं खोटं बोलणं मी आजवर चालवून घेतलेलं नाही, एका गोळीसाठीसुद्धा. आता कुठल्या तोंडाने बोलणार होते? मी म्हटलं, "हो. ती तुला न्यायला येणार आहे म्हणून."

तिने हात पुढे केला आणि काड्या उपटल्या. पुसल्या. आडव्या ठेवल्या. मग डोंगर केलेला भात चमच्याने काढून साधा केला. मग उठून मोरीत जाऊन ओकली.

त्या दिवसापासून ताट तीच मांडते. मी स्वयंपाक करते, पण ताटाला हात लावत नाही. ती मला लावू देत नाही. चार दिवस झाकण कोरडं होतं. काल एक थेंब होता. तिने मला दाखवला नाही, बोटाने पुसून घेतला आणि बोट स्वतःच्या ओठांना लावलं. मला दिसलं.

आज त्या बाईंचा फोन आला. तू पेज प्यायलीस.

तू हरलीस की मी, मला माहीत नाही. पण ती माझ्याबरोबर जेवताना आता माझ्या काड्यांवर लक्ष ठेवते. जी मुलगी मला हवी म्हणून मी हे केलं ती आता या घरात नाही. जी आहे ती मला भिते. बरी झालीस की कळव. मी तिला पाठवते.

किनुए


२ फेब्रुवारी

मिसाओ,

हे पत्र नागिसाच्या हाती देतेय. तोकुएकाकू तिला ओसाकापर्यंत पोचवतील. मार्चपर्यंत थांबवता आलं असतं, शाळेच्या बाईही तेच म्हणाल्या. पण मी थांबवलं तर माझं मन फिरेल. मला मी माहीत आहे.

तिला उगाच गोंजारू नकोस, तिला आवडत नाही. केस विंचरताना मात्र गप्प बसते. पोहताना उजवा कान झाकायचा. गणितात रडते पण सोडत नाही. रडली तर बाजूला बस आणि दुसरं काहीतरी काम कर. झोपेत बोलते, उत्तर देऊ नकोस. तिचं पांघरूण तिने निवडलेलंच आहे, ते फाटलं तरी टाकू नकोस.

तू लिहिलंयस की नव्या वर्षानंतर मी तिथे दिसलेली नाही. बरं झालं. इथेही सकाळी आता काही होत नाही. मी समोर बसते ती कागदाच्या समोर, काम करायला.

एक खरं सांगते. माझी सावली परत आलेली नाही. काम करता करता दोनदा-तीनदा वळून बघते, ऊन चांगलं असतं, कागदावर फक्त झाडाची असते. तोकुएकाकूंना हे सांगू नकोस.

मी तुला माफ केलेलं नाही. माफी मागतही नाही. तुला मारायला निघाले होते, त्याबद्दल काय बोलायचं ते मला सुचत नाही.

तिला ट्रेनमध्ये मळमळतं. स्टेशनवर उभी राहा, वेळेवर. वेळेवर, मिसाओ.

किनुए


२१ फेब्रुवारी

मिसाओ,

तुझं पत्र वाचून मी बाहेर अंगणात जाऊन उभी राहिले. मग आत येऊन लिहायला बसले. भराभर लिहिते, तू सगळं नीट वाच आणि जसं सांगते तसं कर.

तू लिहितेस की ती आली त्याच्या आठव्या दिवसापासून मी पुन्हा येते. सकाळी सात वाजता. पण आता मोरीजवळ नाही, तुझ्याकडे बघत नाही. नागिसाच्या जवळ बसते, तिच्या उजव्या हाताला, नेहमी बसते तशी. ती घाबरत नाही. खूश असते. शाळेच्या गोष्टी सांगते, स्वतःची वाटी माझ्यापुढे सरकवते, "मावशी आधी" म्हणते. आणि मग स्वतः जेवत नाही. तू रागावलीस तर म्हणते, "मावशीने खाल्लं की माझंही होतं." आठ-नऊ दिवसांत तिच्या गालांची हाडं वर आलीत. आणि परवापासून ती रोज दप्तरात कपडे भरते. विचारलं तर म्हणते, "मावशी न्यायला आलीय ना. ती म्हणाली की निघायचं."

तू विचारतेस, ताई, पुन्हा काही मांडलंस का?

नाही. माझ्या हाताची शपथ, आईची शपथ, नागिसाची शपथ. घरात एकच ताट वाढते, माझं, तेही धड खाल्लं जात नाही. भूक लागत नाही. कसली लागणार.

पण तुला सगळं सांगायचं ठरवलंय तर हेही सांगते. सकाळी सात ते आठ मी सुखात असते. कुठे असते ते मला दिसत नाही, तुझी खोली दिसत नाही, काही दिसत नाही. फक्त तिच्या केसांचा वास येतो. साबणाचा नाही, कानामागे येतो तो, झोपेतून उठल्यावरचा. तो आला की मला दुसरं काही नको असतं. मला वाटलं होतं, आठवण येते म्हणून. माणसाला आठवण येते, इतकंच. काल मला तो वास आला आणि तोंडात भाताची चव आली. मी इथे काही खाल्लेलं नव्हतं.

मी तिचा घास खातेय, मिसाओ.

मी स्वतःला सांगून बघितलं. रात्रंदिवस सांगितलं, किनुए, ती तुझी नाही, तूच पाठवलीस, आता गप्प बस. ते इथे बसलेल्या बाईला पटतं. ती शहाणी आहे, तिने दप्तर भरून दिलं, यादी लिहून दिली. तिकडे जी जाते ती माझं ऐकत नाही. आधी ती तुझ्यावरच्या रागाने जायची तेव्हा काड्या आडव्या केल्या की थांबली. आता ती रागाने जात नाही. म्हणून तिला थांबवायला माझ्याकडे काहीच नाही. मी जगेन तोवर मला नागिसा हवी असणार आहे. यात मी काय करू, तू सांग.

मी तिकडे यावं, असं तू लिहिलंयस. एकदा खरीखुरी ये, तिला भेट, मग कदाचित. नाही. मी आले तर तिला घेऊन परत येईन. तू मला अडवू शकणार नाहीस. आणि मी कुठे परत येईन ते मला माहीत नाही. या घराच्या कागदावर माझी सावली पडत नाही. तोकुएकाकू आता दारातूनच हाक मारतात, आत येत नाहीत.

म्हणून तुला करायला हवं. कठीण आहे, पण तू एक कठीण गोष्ट आधी केलेली आहेस. झोपलेल्या पोराकडे पाठ करून तू दार ओढून घेतलंस. मला नऊ वर्षं वाटत होतं की त्यासाठी काळीज दगडाचं लागतं. आता मला तुझं तेच काळीज हवंय.

जिवंत माणसाची वाट बघितली जाते, त्याच्यासाठी जागा ठेवली जाते, घास काढला जातो. ती माझी वाट बघते तोवर मी येत राहणार. माझा फोन तिला देऊ नकोस. माझी पत्रं तिला दाखवू नकोस, हे जाळ. उद्या सकाळी ती वाटी सरकवेल तेव्हा तिला सांग, मावशी मेली. आजारी होती, गेली, तार आली. ती तुला खोटारडी म्हणेल, मारेल, महिनाभर तुझ्याशी बोलणार नाही. करू दे. ती म्हणेल, इथे तर बसलीय. तू म्हण, इथे कोणी नाही.

मी तेव्हा तिथे असेन. माझ्याकडे बघून सांग.

किनुए